सीमाभागातल्या मराठी शाळेत शिक्षक व्हायचंय: डी.एल.एड. की बी.एड.? कर्नाटक टीईटी की महाराष्ट्राची?

जांबोटीची_लेक

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. राणी चन्नम्मा विद्यापीठातून बी.ए. करायलोय, शेवटचं वर्ष. विषय मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र. पहिली ते दहावी पूर्ण मराठी माध्यम.

मला प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचंय, आणि तेही इथंच, आपल्या सरकारी मराठी शाळेत. आमच्या गावच्या शाळेत पाच इयत्तांना एक कायमच्या बाई आणि एक अतिथी, म्हणजे मानधनावरची तात्पुरती शिक्षिका. बाईंना बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसच्या मीटिंगला जावं लागलं की सगळी पोरं एकाच खोलीत. मी अधूनमधून जाऊन मुलांना वाचून दाखवते, त्यातूनच हे ठरलं.

आता अडचण. घरी एक काका म्हणतात बी.एड. कर, त्याला मान आहे. कॉलेजातल्या मॅडम म्हणतात डी.एल.एड. केल्याशिवाय प्राथमिकला घेत नाहीत. मावसभाऊ कोल्हापूरला असतो, तो म्हणतो कर्नाटकात थांबूच नको, महाराष्ट्राची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा दे. प्रत्येकाचं खरंच वाटतं. माझं कन्नड वाचण्यापुरतं बरं आहे, पण सावकाश. लिहिताना अडते.

या वाटेनं गेलेल्यांनी सविस्तर सांगाल का? घरची परिस्थिती अशी नाही की दोन वर्षं एका कोर्सला घालवून मग कळावं, हा चालत नाही म्हणून.

शहापूरचे_गुरुजी

बाळ, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी बेळगाव तालुक्यात मराठी शाळेत मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. नीट सांगतो, कारण यात अर्धवट माहितीनं पोरापोरींची वर्षं वाया गेलेली मी बघितली आहेत.

आधी एक ठरव: कुठल्या इयत्तांना शिकवायचं? सगळं त्यावर अवलंबून.

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड. हवं, म्हणजे पूर्वीचं डी.एड. दोन वर्षं. बी.एड. इथं चालत नाही. २०१८ मध्ये एनसीटीईनं, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेनं, बी.एड. वाल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र धरणारी अधिसूचना काढली होती. त्या भरवशावर देशभरात पुष्कळांनी बी.एड. केलं. सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सांगितलं की लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं आहे, ते डी.एल.एड. मध्येच मिळतं, त्यामुळे बी.एड. प्राथमिकच्या या टप्प्याला पात्र नाही. तेव्हा तुझ्या काकांचा सल्ला प्रेमाचा असला तरी पहिली ते पाचवीसाठी लागू पडत नाही.

सहावी ते आठवीला पदवी हवी आणि तिच्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. दोन्ही चालतं. यांना आपल्याकडे पदवीधर प्राथमिक शिक्षक म्हणतात, ऑफिसात सगळे जीपीटी म्हणतात.

नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. इथं आजच्या नियमानुसार टीईटी लागत नाही. टीईटी फक्त पहिली ते आठवीला.

यातून तुझ्यासारखीसाठी एक गोष्ट निघते, ती लोकांच्या ध्यानात येत नाही. पदवी हातात असलेल्या मुलीनं डी.एल.एड. केलं तर पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी दोन्ही दारं उघडतात. बी.एड. केलं तर सहावी ते आठवी आणि हायस्कूल. तुला लहान मुलांतच रमायचं असेल तर डी.एल.एड. कर, कुणी पदवीनंतर खालचा कोर्स कशाला म्हणालं तर ऐकू नकोस. तो खालचा नाही, वेगळा आहे.

दोन्हींचे प्रवेश शिक्षण खात्याच्या केंद्रीकृत प्रवेश कक्षामार्फत, म्हणजे सीएसी मार्फत होतात. डी.एल.एड. ला पी.यू. दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, किमान ५० टक्के लागतात, राखीव गटांना सवलत आहे. तुझे पी.यू. चे गुण सांगितले नाहीस, ते आधी बघ.

बीएड_दुसरं_वर्ष

गुरुजींनी सांगितलं ते अगदी बरोबर. मी बेळगावातच बी.एड. करायलोय. मला हायस्कूललाच जायचं होतं म्हणून घेतलं. आमच्या कॉलेजात शिकवणं कन्नड आणि इंग्रजीत चालतं, मराठी हा अध्यापन पद्धतीचा विषय म्हणून मिळाला. पाठटाचण मराठीत, पण शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचं सगळं इंग्रजीत वाचावं लागलं. तयारी ठेवा.

आंतरवासिता (शाळेतला सराव) मात्र खरी शिकवण देते. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढावे लागतात. कॉलेज निवडताना सराव पाठ कुठल्या शाळांत देतात ते विचारा. मराठी शाळा जोडलेली असेल तरच आपल्याला उपयोग.

नंदगडची_अतिथी

ताई, मी खानापूर तालुक्यातच अतिथी शिक्षिका आहे. डी.एल.एड. झालंय, टीईटी झालीय, भरतीची वाट बघतेय. जे मला आधी कुणी सांगितलं नाही ते सगळं इथं लिहिते, लांबलं तर वाचून घ्या.

कर्नाटकची टीईटी १५० गुणांची, १५० प्रश्न, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी: बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी: पहिले तीन तसेच, आणि पुढचे ६० गुण गणित-विज्ञान किंवा समाजविज्ञान. तुमचा इतिहास आहे, म्हणजे समाजविज्ञान. पास व्हायला खुल्या गटाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्गीयांतला प्रवर्ग १ आणि दिव्यांगांना ५५ टक्के. दोन्ही पेपर एकाच दिवशी होतात, सकाळी पहिला, दुपारी दुसरा. पात्रता असेल तर दोन्ही द्या. २०२१ पासून प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत गेली, आता ते आयुष्यभर चालतं. पण भरतीच्या गुणवत्ता यादीत टीईटीच्या गुणांना वजन असतं, म्हणून नुसतं पास होऊन थांबू नका, गुण वाढवायला पुन्हा देता येते.

आता खरी गोष्ट. पहिली भाषा मराठी घेता येते, ते ३० गुण आपले हक्काचे. पण बालविकास, गणित, परिसर अभ्यास यांचे प्रश्न कन्नड आणि इंग्रजीत छापलेले असतात. मराठीत नसतात. म्हणजे मराठी शाळेत मराठी मुलांना शिकवायला निघालेल्या मुलीला १५० पैकी ३० प्रश्न सोडले तर बाकी सगळं दुसऱ्या भाषेत वाचून सोडवायचंय, तेही घड्याळाकडे बघत. आपल्याकडची हुशार पोरं दोन-चार गुणांनी मागं राहतात ती इथंच. विषय येत असतो, प्रश्न कळायला वेळ जातो.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, कन्नडचा अभ्यास टीईटीच्या महिनाभर आधी करायचा नसतो. आजपासून करायचा. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं फुकट मिळतात. पहिली ते पाचवीची परिसर आणि सातवीपर्यंतची गणिताची पुस्तकं मराठी आणि कन्नड अशी दोन्ही उतरवून घ्या. एकच धडा आधी मराठीत वाचायचा, लगेच तोच कन्नडमध्ये. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे कन्नड वाक्य आपोआप सुटतं. शब्दकोश उघडायची गरजही फारशी पडत नाही. बालविकासाचे शब्द ठरलेलेच असतात: कलिके (शिकणं), बोधने (शिकवणं), वर्तने (वर्तन), हंत (टप्पा), मौल्यमापन (मूल्यमापन). शे-दीडशे असे शब्द वहीत लिहून रोज डोळ्याखालून घातले की प्रश्नाचा अर्धा भाग वाचतानाच समजतो.

दुसरं म्हणजे पुण्याची गाइडं. बेळगावच्या दुकानांत महाराष्ट्र टीईटीची मराठी पुस्तकं मिळतात आणि मराठीत आहेत म्हणून आपली पोरं तीच घेतात. बालविकासापुरती ठीक आहेत, पियाजे काय आणि कोहलबर्ग काय, दोन्हीकडे सारखेच. पण परिसर अभ्यास आणि समाजविज्ञान आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर असतं. कदंब, होयसळ, विजयनगर, म्हैसूरचे वडियार, कर्नाटकाचं एकीकरण, इथल्या नद्या, इथली पिकं. महाराष्ट्राच्या गाइडात हे सापडणार नाही.

आणि अध्यापनशास्त्राचे प्रश्न पाठांतरानं सुटत नाहीत. एक उदाहरण देते. माझ्या दुसरीच्या वर्गात एका पोरानं २७ अधिक १५ चं उत्तर ३१२ लिहिलं. सात आणि पाच बारा, ते बारा तसेच लिहिले, मग दोन आणि एक तीन, ते पुढं लिहिले. पोराला बेरीज येत होती. हातचा म्हणजे काय ते कळलं नव्हतं. मी त्याला खराट्याच्या काड्या दिल्या. दहा-दहाच्या गठ्ठ्यांना रबर लावलेलं, दोन गठ्ठे आणि सात सुट्या, एक गठ्ठा आणि पाच सुट्या. सुट्या एकत्र केल्या, बारा झाल्या. म्हटलं, आता दहाचा गठ्ठा बांध. बांधला. दोन काड्या उरल्या. गठ्ठे मोजायला सांगितले, चार. स्वतःच म्हणाला, बेचाळीस. मग पाटीवर पुन्हा मांडून घेतलं.

टीईटीत नेमका असाच प्रश्न येतो: मुलानं अमुक चूक केली, शिक्षकानं काय करावं? पर्यायांत "पुन्हा पुन्हा सराव द्यावा" हे असतंच आणि पुष्कळजण तेच निवडतात. ज्यानं वर्गात काड्या बांधून घेतल्यात तो मूर्त वस्तूंचा पर्याय विचार न करता निवडतो. ताई, तुम्ही गावच्या शाळेत जाताच आहात, ते थांबवू नका. अभ्यासाचा तो मोठा भाग आहे.

चंदगडला_नोकरीस

मी मूळचा बेळगाव तालुक्यातला, आता महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. ताईंच्या मावसभावाचं म्हणणं उडवून लावू नका.

महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी अर्ज करता येतो. १० जुलै २००८ चा शासन निर्णय आहे. त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा तिथल्या सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडायचा. महाराष्ट्राच्या अधिवासाची अट मग आडवी येत नाही. आपलं गाव यादीत आहे का ते आधी बघायचं, सगळी मराठी गावं त्यात आहेत असं गृहीत धरू नका.

परीक्षांचा मार्ग असा: आधी महाराष्ट्राची टीईटी, ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. मग अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, २०० गुणांची. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळामधून शाळा मिळते. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ ला झाली. मधल्या मोठ्या खंडात माझ्या बरोबरीचे कित्येकजण दुसऱ्या कामाला लागले, हेही सांगितलं पाहिजे.

पण पेपर मराठीत वाचायचा, मराठीत विचार करायचा. वर नंदगडच्या ताईंनी लिहिलेली अडचण इथं नाही. कर्नाटकची टीईटी महाराष्ट्रात चालत नाही आणि महाराष्ट्राची तिथं, म्हणून दोन्ही द्या. डी.एल.एड. मात्र एनसीटीई मान्यतेच्या संस्थेतलं असलं की झालं, तेवढं प्रवेशाआधी तपासा.

शहापूरचे_गुरुजी

चंदगडवाल्यांनी दिलेली माहिती उपयोगाची आहे. माझे कित्येक विद्यार्थी असेच पलीकडे गेले, सुखात आहेत, त्यांना माझा आशीर्वादच.

तरी मला एक बोलायचंय. आपल्या भागातल्या मराठी शाळांसाठी माणसं रस्त्यावर उतरतात, निवेदनं देतात. राज्यघटनेत ३५० अ हे कलम १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यानं करावी म्हणून. हक्क कागदावर आहे. पण तो हक्क मुलापर्यंत पोचतो तो खोलीत उभ्या असलेल्या शिक्षकातून. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि त्यापुढं तीस मुलांमागे एक असं प्रमाण आहे. जागा मंजूर होते, पात्र मराठी उमेदवार मिळाला नाही की रिकामी राहते, अतिथीवर वर्ष निघतं, पालक कंटाळून पोराला इंग्रजी शाळेत घालतात, पट उतरतो, आणि मग पटाकडे बोट दाखवून शाळा दुसऱ्या शाळेला जोडायची भाषा सुरू होते. हे मी माझ्या डोळ्यांनी एकेका गावात होताना बघितलंय.

म्हणून मी म्हणतो, टीईटी पास झालेला प्रत्येक मराठी मुलगा-मुलगी ही एका शाळेची सोय आहे. कन्नडची भीती बाळगून आपण इथल्या जागा सोडून दिल्या तर मागं राहिलेल्या लहान पोरांना कोण शिकवणार? जांबोटीच्या लेकीला इथंच राहायचंय म्हणते, तिला आपण सगळ्यांनी मिळून कन्नडची वाट सोपी करून द्यावी.

भालकीहून

बीदर जिल्ह्यातून लिहितो. भालकी, औराद, बसवकल्याण इथंही मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, धाग्यात फक्त बेळगाव आलंय म्हणून नोंद करतो. आमच्याकडे फरक असा की जिल्हा कल्याण कर्नाटकात (पूर्वीचा हैदराबाद कर्नाटक) येतो, राज्यघटनेचं कलम ३७१ (जे) लागू आहे. स्थानिकांसाठी जागा राखीव असतात, त्यासाठी वेगळा पात्रता दाखला काढावा लागतो. २०२२ च्या १५,००० पदवीधर शिक्षकांच्या भरतीत ५,००० जागा कल्याण कर्नाटकाच्या होत्या. बेळगाव, कारवार भागातल्यांना हे लागू नाही. आमच्याकडच्या मराठी मुलांनी हा दाखला आधीच काढून ठेवावा, भरती निघाल्यावर रांग लागते.

जांबोटीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, पी.यू. ला ६८ टक्के आहेत, म्हणजे डी.एल.एड. ची अट बसते. घरी वाचून दाखवलं, काकाही तयार झाले.

तीन गोष्टी विचारते. टीईटीला पहिली भाषा मराठी घेतली तर दुसरी कन्नड घ्यावी की इंग्रजी? सहावी ते आठवीच्या भरतीत मराठी विषयाची जागा असते का? आणि अतिथी शिक्षिका म्हणून डी.एल.एड. नंतर लगेच लागता येतं का, मानधन किती?

नंदगडची_अतिथी

पहिल्याचं उत्तर. मराठी माध्यमात शिकवायचं तर पहिली भाषा मराठीच. दुसरी कन्नड किंवा इंग्रजी, तुमच्या मर्जीवर. मी कन्नड घेतली. बाकीचे प्रश्न समजायला कन्नडचा सराव करायचाच आहे, मग तोच सराव या ३० गुणांना कामी येतो. इंग्रजीचा उतारा लांबलचक असतो, व्याकरण पक्कं असेल तरच घ्या.

ऑनलाइन अर्जात भाषेचा रकाना भरताना सायबर सेंटरवाल्यावर सोपवू नका. माझ्या ओळखीतल्या एकीचा अर्ज असाच भरला गेला, पहिली भाषा कन्नड पडली. हॉल तिकीट हातात आल्यावर कळलं. पैसे भरायच्या आधी पडद्यावर पूर्ण अर्ज दिसतो, तो शब्दन् शब्द स्वतः वाचा. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणेच. मराठी नावांचं कन्नडमधून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदलतं, आधारवर एक आणि मार्कलिस्टवर एक असं पुष्कळांचं असतं. ते डी.एल.एड. च्या काळातच एकसारखं करून घ्या.

दुसऱ्याचं. २०२२ च्या भरतीत सहावी ते आठवीला इंग्रजी, गणित-विज्ञान, जीवविज्ञान आणि समाजविज्ञान असे विषय होते. म्हणजे तुमचा इतिहास हाच आधार. पदवीला कोणते विषय किती वर्षं हवेत हे जाहिरातीत दिलेलं असतं, तुमची मार्कलिस्ट समोर ठेवून ते ताडून बघा. बी.ए. ला विषय निवडायचे बाकी असलेल्या धाकट्या बहिणी-भावांनी हे आताच वाचावं. नुसत्या भाषा घेऊन बी.ए. केलेल्यांची इथं अडचण होते.

तिसरं. अतिथी म्हणून शाळेत रिकामी जागा असेल तर वर्षाच्या सुरुवातीला अर्ज घेतात, मुख्याध्यापकांकडे चौकशी ठेवायची, मे अखेरीस फेरी मारायची. मानधन २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महिन्याला २,००० रुपयांनी वाढवलं, आता प्राथमिकला १२,००० आहे. काम पूर्ण वेळेचं आहे आणि दरवर्षी नव्यानं नेमणूक होते, कायम होण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. माझं मानधन गेल्या वर्षी कित्येक महिने थकलं होतं, घरी दुकान आहे म्हणून निभावलं. हे कळून सवरून या. तरी मी सोडलं नाही, कारण वर्गातली मुलं मला नावानिशी माहीत आहेत आणि त्यांना मी गेले तर दुसरी मराठी बाई मिळेलच असं नाही.

निपाणीचा_मास्तर

मी सेवेत असलेला शिक्षक, अनुदानित शाळेत. धागा नव्या मुलांसाठी आहे, पण जुन्यांनाही आता यातून जावं लागणार आहे म्हणून लिहितो.

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ राहिलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला हवं. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नोकरीपुरती सूट, पण बढती हवी असेल तर टीईटी लागणारच. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे लागू करायचं की नाही हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवलाय. आपल्याकडच्या काही मराठी संस्था भाषिक अल्पसंख्याक म्हणून नोंदलेल्या आहेत, तिथल्या शिक्षकांनी "आपल्याला नाही लागू" असं धरून बसू नये. अभ्यास कधी वाया जात नाही.

वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला परीक्षेला बसायचं म्हटलं की अवघड वाटतं. आम्ही काही शिक्षक रविवारी सकाळी एकत्र बसायला लागलोय. एक कन्नड शाळेतले सर येतात, ते आम्हाला जुने पेपर कन्नडमधून वाचून दाखवतात, आम्ही त्यांना गणित सोडवून देतो. कसलीही फी नाही. चिक्कोडी, हुक्केरी भागातल्या कुणालाही यायचं असेल तर इथं लिहा. नव्या मुलामुलींनाही बोलवतो, त्यांचा बालविकास ताजा असतो, आमच्याकडे वर्गातला अनुभव. दोघांचं भागेल.

येळ्ळूरची_आई

मी शिक्षक नाही, पालक आहे. माझी दोन्ही मुलं सरकारी मराठी शाळेत. नातेवाईक सारखे विचारतात, इंग्रजीत का घातलं नाहीस. मला माझ्या पोरांनी गोष्ट ऐकताना मधेच प्रश्न विचारलेले आवडतात, ते त्यांना मराठीतच जमतं.

एक गोष्ट शिक्षक होणाऱ्यांना सांगायची आहे. २०१५ च्या कायद्यानं इथल्या सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. आमच्या शाळेत कन्नडला वेगळे शिक्षक नाहीत, मराठीच्याच बाई शिकवतात. बाईंना स्वतःला ते नीट येतं, म्हणून माझी मुलगी पाचवीत असूनही बसचा फलक, दवाखान्याची चिठ्ठी वाचून मला सांगते. ज्या शाळेत शिक्षकांनाच कन्नड जड जातं तिथली मुलं दहावीला त्या विषयात अडकतात, मग पालक शाळेला दोष देतात. तेव्हा तुम्ही कन्नड शिकाल ते फक्त तुमच्या परीक्षेपुरतं नाही, आमच्या पोरांच्याही कामाचं आहे. जांबोटीच्या ताई, तुम्ही नक्की शिक्षिका व्हा.

बीएड_दुसरं_वर्ष

केंद्र सरकारच्या शाळांचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. बेळगावचं केंद्रीय विद्यालय, चिक्कोडी तालुक्यातलं कोथळीचं नवोदय, इथं सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी लागते, ती सीबीएसई घेते. त्यात भाषा म्हणून मराठी घेता येते, बाकी पेपर हिंदी-इंग्रजीत. शिकवणं मराठीत नसतं, त्यामुळे ताईंच्या मनातली ती वाट नाही, पण जास्तीचं प्रमाणपत्र म्हणून द्यायला हरकत नाही.

चंदगडला_नोकरीस

गुरुजींचं म्हणणं मान्य आहे. माझ्या जुन्या गावच्या शाळेत आज अतिथीच आहेत, ते मनाला लागतंच. मी मे महिन्याच्या सुट्टीत गावी असतो. गणिताच्या तयारीसाठी कुणाला बसायचं असेल तर मी शिकवीन, दोन्ही राज्यांच्या पेपरला गणित तेच आहे.

जांबोटीची_लेक

ठरलं. यंदा बी.ए. संपलं की डी.एल.एड. ला अर्ज करते. तोवर दोन्ही भाषांतली पुस्तकं आजच उतरवून घेतली, तिसरीच्या परिसर अभ्यासापासून सुरू केलंय. नंदगडच्या ताई, तुम्ही म्हणालात तसं मराठी धडा आधी वाचला की कन्नडमधलं बरंचसं कळतंय. चंदगडच्या दादा, गणिताला मी येणार. निपाणी मला लांब पडतं, पण खानापुरात असं रविवारचं काही सुरू करता येईल का?

आणि शेवटचं, महाराष्ट्रासाठीचा तो वास्तव्याचा दाखला कुठं काढायचा? दोन्हीकडचा अर्ज भरायचं ठरवलंय.

शहापूरचे_गुरुजी

दाखल्यासाठी आधी नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) जाऊन अर्ज कर, तहसीलदारांच्या सहीचा वास्तव्य दाखला मिळतो. सोबत रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि पहिलीपासूनच्या शाळेचं अभ्यास प्रमाणपत्र ने, १५ वर्षं त्यावरूनच सिद्ध होतात. दाखल्यात गावाचं नाव आणि १५ वर्षांचा स्पष्ट उल्लेख आहे का ते तिथंच खिडकीवर वाचून घे. तो कन्नडमध्ये मिळाला तर मराठी किंवा इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोड.

खानापूरच्या रविवारच्या बैठकीचं मी बघतो. माझे एक जुने सहकारी तिथं राहतात, त्यांच्या घरची ओसरी मोठी आहे. येत्या आठवड्यात बोलून इथंच कळवतो. नंदगडच्या बाईंनी कन्नडचं घ्यावं, मी भाषा आणि बालविकास घेतो. अजून कोण कोण येणार ते खाली लिहा.

नंदगडची_अतिथी

मी येते. शब्दांची वही झेरॉक्स काढून आणते.

बीएड_दुसरं_वर्ष

मीही. समाजविज्ञान माझ्याकडे. सातवीपर्यंतची दोन्ही माध्यमांची पुस्तकं छापून आणतो, कुणाला हवी असतील तर आधी सांगा.